कसर

वाक्य इंग्रजीत होतं आणि सोपं होतं: या जातीचं नाव अमुक या मराठी शब्दावरून ठेवलं आहे. अमुकच्या जागी शब्द घालायचा, पूर्णविराम द्यायचा आणि चहा मागवायचा, एवढंच काम उरलं होतं. बाकी सगळा पतंग लिहून झाला होता. जिऱ्याएवढं अंग. डोक्यावर झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखे उभे राहिलेले खवले. मिटले की पाठीवर छपरासारखे बसणारे अरुंद पंख, त्यांच्या कडेला पंखांपेक्षा रुंद झालर. आणि आखूड होत होत निरुपयोगी झालेली सोंड, कारण मोठेपणी हा जीव काहीच खात नाही. खायचं ते सगळं अळीपणीच उरकून घेतो. दिल्लीतल्या एका सरकारी कीटक-संग्रहालयात अहिल्येची उभी नोकरी असल्या जिऱ्यामोहरीएवढ्या जिवांना नावं देण्यात गेली होती, आणि निवृत्तीच्या तोंडावर हे एक नाव तिनं स्वतःच्या हौसेसाठी राखून ठेवलं होतं. घरातला शब्द होता, लहानपणापासूनचा. तो घालायला तिनं बोटं उचलली, आणि शब्द तिथं नव्हता.

जिभेवर येऊन अडकला असता तर ती घाबरली नसती. तसे तर सगळ्यांचेच अडकतात. हा अडकलेला नव्हता. वर्षानुवर्षं ज्या खिळ्याला किल्ली टांगतो, त्याच्याकडे न बघता हात न्यावा आणि भिंत गुळगुळीत लागावी, तसं झालं. लॅटिन कुळ आलं, इंग्रजी नाव आलं, हिंदीतला 'कीडा' न बोलावता आला आणि मध्येच उभा राहिला. अहिल्या आधी हसली. समोरच्या टेबलावर नीरज, तिच्या हाताखालचा मेरठचा शास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही हे तिनं पाहिलं. मग तिचे कान गरम झाले. तिनं ते वाक्य तसंच सोडून फाइल बंद केली आणि चहा मागवला, जणू पूर्णविराम देऊन झाला होता.

हा पतंग तिला जंगलात सापडला नव्हता, ही ऑफिसातली वर्षभराची थट्टा होती. लोक नवीन जातीसाठी अरुणाचलात जळवा अंगावर घेत हिंडतात आणि आमच्या मॅडमना घरच्या दिवाणात मिळते, असं डायरेक्टरसाहेब प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच हसून घेत. पण ते खरं होतं. गेल्या थंडीच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तिनं रजया उन्हात घालायला दिवाण उघडला, तेव्हा अगदी तळाशी तिच्या वडिलांचा, नानांचा, मरून रंगाचा मफलर निघाला. झटकल्याबरोबर त्यातून पिवळट ठिणग्यांसारखं काहीतरी उडालं, आणि उजेडाकडे न जाता उलट दिवाणाच्या सांदीत पळालं. मफलरभर भोकं होती. भोकांच्या कडांवरून मरून रंगाच्या इवल्या नळ्या चालत होत्या. अळी ज्या लोकरीवर जगते तीच कातरून स्वतःभोवती अंगरखा करते, म्हणून नानांच्या मफलरातल्या अळ्या नानांच्या रंगाच्या होत्या. ते पाहून ती ओरडली होती. "अरे विनायक, मफलरला..." आणि इथं तो शब्द होता, आणि मग "लागली बघ!" बाल्कनीत रजई झोडणारा तिचा नवरा विनायक म्हणाला होता, "काय? भूक लागली? आत्ता तर नाश्ता झाला यार!" हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. रजईतून उडालेली धूळ, विनायकच्या कपाळाला चिकटलेला कापूस, स्वतःचा आवाजसुद्धा. फक्त आवाजात मध्ये एक भोक होतं, कडा नीट कुरतडलेलं. म्हणजे थंडीत शब्द होता. थंडीनंतर कधीतरी तो गेला होता, आणि जाताना काही वाजलंही नव्हतं. भोकाची उपमा सुचल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं. उपमा सुचते म्हणजे डोकं जमेच्या बाजूला धरायला हरकत नाही. मग वाटलं, नानांना तर शेवटपर्यंत उपमा सुचत होत्या.

नानांचं असंच सुरू झालं होतं हे तिला आठवलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते खोलीत आधीच येऊन बसलं होतं. तिनं फक्त मान वळवली. नाना वाईहून दिल्लीला आले आणि पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर मराठी शिकवत राहिले. येताना आणलेली भाषा त्यांनी इथल्या हवेला लागू दिली नाही. घरात कुणी 'पंखा चालव' म्हणालं तर ते घाम पुसत बसून राहत, पण 'पंखा लाव' असं वाक्य दुरुस्त झाल्याशिवाय बटणाला हात लावू देत नसत. अशा माणसाच्या तोंडून एक दिवस चाळणीच्या जागी 'छलनी' आलं. मग उंबरा गेला आणि 'देहलीज' आली. फोडणी गेली, तडका आला. शाळेतली जुनी मंडळी खूश झाली. "मास्तर अखेर दिल्लीकर झाले!" गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावर भाषण करता करता नाना थांबले, हवेत काहीतरी चिमटीत पकडायला गेले आणि म्हणाले, "वो... क्या कहते हैं उसे," तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर आपली दिल्लीवाल्यांची नक्कल करताहेत, असं वाटलं सगळ्यांना. पहिल्या रांगेत लहानग्या लेकीला, कृतिकाला, मांडीवर घेऊन बसलेली अहिल्याही हसली होती. पुण्यात किंवा वाईला हा माणूस केव्हाच पकडला गेला असता. मराठीच्या मास्तराला चाळणी आठवत नाही म्हटल्यावर तिथं कुणीतरी दचकलं असतं. दिल्लीत मराठी शब्द हरवणं हा आजार नाही, रिवाज आहे. रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागेत हिंदी शब्द भाडेकरूसारखा येऊन राहिला, खिडक्यांत दिवे लागत राहिले, आणि घरमालक निघून चाललाय हे बाहेरून कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा नाना एका रविवारी शाळेच्याच बंद दारासमोर उभे राहून हॉटेलांच्या दलालांना शाळेचा पत्ता विचारत होते, आणि दलाल त्यांना खोली दाखवायला ओढत होते. त्यानंतर भाडेकरूही निघून गेले. शेवटी नुसता मफलर उरला. तो मांडीवर घेऊन ते कुरवाळत, खिडकीच्या उजेडात धरत आणि तिला बजावत, "जपून ठेव हं, नाहीतर..." आणि तोच शब्द, आणि "लागेल." एवढा एक शब्द त्यांच्याजवळ अखेरपर्यंत राहिला. म्हणजे नानांनी सगळं घालवून जो सोडला नाही, तो अहिल्येनं सगळ्यात आधी घालवला होता.

आता खरं तर कुणालाही विचारता आलं असतं. शब्दच तो, नवऱ्याला विचारा, नणंदेला विचारा. पण नानांचं पहिलं लक्षण विसरणं नव्हतं, विचारणं होतं, "ए, त्याला काय म्हणतात गं?" हे वाक्य अहिल्येनं इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आपल्या तोंडून गेलं तर आपण सही करून ताबा घेतला असं होईल, असं तिला वाटत होतं. फोनवरच्या कोशात इंग्रजी शब्द घातला की 'पतंग' येत होतं. पतंग दिव्यावर जातो. हा दिव्यापासून पळतो. नानांचा जाडजूड शब्दकोश त्यांच्या मागे शाळेला देऊन टाकला होता. मग तिनं धंद्यातली युक्ती काढली. अनोळखी किडा समोर आला की त्याचं नाव आठवत बसायचं नसतं. असं आहे की तसं, एवढंच विचारत पायरी पायरीनं खाली उतरायचं असतं. मेट्रोत आयएनए स्टेशन येईपर्यंत ती उतरत राहिली. 'लागली', म्हणजे स्त्रीलिंगी. मग नानांचा चेहरा समोर आणला. आवाज येत नव्हता, पण तोंड हलत होतं. ओठ मिटतात की नाही? मिटत नाहीत, म्हणजे प नाही, ब नाही, म नाही. ओठ पुढे येतात का? नाही, उकार गेला. फाकतात का? नाही, वेलांटी गेली. छोटा, सपाट, बिनकान्याचा शब्द. नजर, गरज, सहल, नक्कल. वाळवी आली, पिसू आली, गोचीड आली, ढेकूण आणि धान्यातले पोरकिडे आले, सगळे हात जोडून रांगेत उभे राहिले. ज्याला बोलावलं होतं तेवढाच गैरहजर. रांग जसजशी लांबत गेली तसतशी तिची भीती कमी व्हायला हवी होती. इतके शब्द शाबूत आहेत की! पण नानांच्या वेळीही कुणी असंच शाबूत शब्दांकडे बोट दाखवत होतं, आणि ते बोट अहिल्येचं होतं.

संध्याकाळी तिनं अलकाताईंना फोन लावला. अलकाताई म्हणजे विनायकची थोरली बहीण. दिल्लीत वाढलेली, पण लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि तिथल्या मराठीत चांगली मुरली. अहिल्येचा बेत साधा होता. विचारायचं नाही, फक्त त्यांनीच तो शब्द बोलावा अशी वेळ आणायची.

"अलकाताई, तुमच्या पैठण्या कशा ठेवता हो तुम्ही?"

"कशा म्हणजे? मलमलीत गुंडाळून. का गं? कृतिकाचं काही ठरलं की काय?"

"छे हो, सहज. त्यांना काही लागू नये म्हणून काय करता?"

"काय लागायचंय? दृष्ट?"

"दृष्ट नाही हो. कपाटात बारीक बारीक असतात बघा..."

"झुरळं! अगं बाई, नाव काढू नकोस. परवा मिक्सरच्या मागे..." आणि अलकाताई झुरळांवर बराच वेळ बोलल्या. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांग अहिल्या, मी कुणाला बोलणार नाही. मुलगा पंजाबी आहे ना?"

रात्रीच्या जेवणाला तिनं विनायकवर प्रयोग केला. विनायक एका मंत्रालयात फायली वर सरकवण्याचं काम करत असे आणि घरी आल्यावर काहीही वर सरकवायला तयार नसे, ताटसुद्धा. ती जुना स्वेटर घेऊन आली, त्याच्या बाहीच्या भोकातून बोट बाहेर काढलं आणि म्हणाली, "हे बघ काय झालंय."

"मॉथ," विनायक भाजीकडे बघत म्हणाला. "तुझंच खातं."

"आणि मराठीत?"

"मराठीत... कीड." त्यानं वर पाहिलं. "हे बघ अहिल्या, तू मला मराठीत पकडू नकोस यार. दिल्लीत राहून एवढी बोलतो, हे काय थोडं झालं? इथं सगळ्यांचे शब्द जातात."

सगळ्यांचे जातात. तिच्या बोटाभोवती लोकरीचा धागा आवळला. हेच वाक्य शाळेच्या स्टाफरूममध्ये, मंडळाच्या मंडपात, याच टेबलाशी नानांच्या ताटासमोर बोललं गेलं होतं. तेव्हाही त्यात प्रेमच होतं. विनायकच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. उद्या तिच्यातून पळी गेली, परवा परात गेली, तरी हा माणूस कढीचा भुरका मारत असाच हसेल. त्याला कळेल ते अगदी शेवटी, कुठल्या तरी बंद दारासमोर. तिला पहिल्यांदाच नानांच्या बाजूनं ते दिसलं. नानांना कळत असणार. टाळ्या पडत असताना, चिमटीत हवा धरून उभे असताना, त्यांना नक्की कळत असणार, आणि समोर सगळा मांडव हसत होता.

पुढचे काही दिवस ती स्वतःवर पाळत ठेवून वागली. भाजीवाल्याशी बोलताना, लिफ्टमध्ये शेजारणीशी, डायरेक्टरसाहेबांच्या विनोदावर हसताना, प्रत्येक शब्द बाहेर पडण्याआधी ती त्याला उलटून पालटून बघत होती. त्यानं बोलणं अडखळायला लागलं, आणि अडखळण्याचीच तिला दहशत बसली. त्यातच नीरजनं तिच्या लेखाची प्रत वाचायला घेतली. नीरज फार सभ्य होता. कुणाची चूक दाखवायची असली की आधी स्वतःची खुर्ची मागे घ्यायचा. त्यानं खुर्ची मागे घेतली.

"मैम, एक छोटी सी बात थी. ऊपर आपने अगला पंख पीतल के रंग का लिखा है. नीचे राख के रंग का. टायपो होगा."

अहिल्येनं प्रत त्याच्या हातून घेतली आणि दोन्ही ओळी वाचल्या. पतंगाचं वर्णन म्हणजे तिची सगळी मिळकत. मफलरवर वाढलेल्या त्या पतंगांतला एक नर आता कायमचा टाचणीवर होता, आणि ती जे लिहील त्यावर पुढची माणसं डोळे झाकून चालणार होती, ती मेल्यावरही. पंखाचा रंग जिला दोन परिच्छेद लक्षात राहत नाही, तिनं आजवर नावं दिलेल्या बाकीच्या जिवांचं काय? कुठल्या तरी कपाटात तेही असेच चुकीचे टाचून ठेवलेले असतील? ती उठली, पतंग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, दिवा डावीकडे नेला. पितळ. उजवीकडे नेला. राख. पुन्हा डावीकडे. दोन्ही खरं होतं. खवल्यांची ठेवणच अशी होती की एका बाजूनं उजेड पडला तर पंख पेटायचा, दुसऱ्या बाजूनं विझायचा. या कुळात असं कुणी नोंदलेलं नव्हतं. नीरजनं डोळा लावला आणि त्याचा आवाज चढला. "अरे वाह मैम! मतलब आपने जानबूझकर दोनों लिखे?"

"बिल्कुल," अहिल्या म्हणाली.

तिला त्यातलं एकही वाक्य लिहिल्याचं आठवत नव्हतं. चूक सापडली असती तर तिला चालली असती. चूक आपली असते. हे बरोबर होतं, आणि ते कुणी लिहिलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी तिनं कृतिकाला फोन करून गुरुग्राममधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली. कृतिका तिथंच एका कंपनीत होती, उंच इमारतीत राहायची, आणि आईबापांच्या तब्येतीच्या बाबतीत फार कार्यक्षम होती. "आई, न्यूरोलॉजिस्ट कशाला? हेडेक आहे?" अहिल्या म्हणाली, "या वयात करतात गं सगळे." विनायकला तिनं लेकीकडे जाते एवढंच सांगितलं.

डॉक्टरबाईंचं नाव सोनम होतं आणि त्या कृतिकापेक्षा फार मोठ्या दिसत नव्हत्या. त्यांच्या खोलीत इतका उजेड होता, की अहिल्येला दिवाणाच्या सांदीची आठवण आली. स्कॅन आधीच झाला होता. आता प्रश्न. परीक्षा हिंदीत. सेब, मेज, चाबी, हे शब्द लक्षात ठेवा. घड्याळ काढा. उलटं मोजा. आज कौन सा दिन है. अहिल्या भराभर उत्तरं देत गेली आणि देता देता तिच्या लक्षात आलं, की ही परीक्षा भाडेकरूंची चालली आहे. दार वाजवलं की ते उघडत होते, हसतमुखानं, सगळे घरात होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अब जितने जानवरों के नाम याद आएं, बोलती जाइए. कीडे भी चलेंगे." अहिल्येनं श्वास घेतला आणि कुळांमागून कुळं, लॅटिन, सगळ्या शेपट्यांसकट अशी काही म्हटली, की डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, यही टेस्ट मराठी में हो सकता है?"

"मराठी में?" त्या गोड हसल्या. "मराठी तो मुझे आती नहीं. पर जरूरत क्या है? आपकी हिंदी मुझसे अच्छी है."

"नहीं, वो... शब्द भूलती हूं. घर के."

"किस भाषा के? मराठी के? मैडम, मैं लद्दाख से हूं. चौदह साल दिल्ली में हो गए. मां फोन पर आधी बात दो बार समझाती है." त्यांनी कागद जुळवले. "स्कॅन साफ है, मेमरी मेरी उमर वालों से अच्छी है. हमने तो कोई कसर नहीं छोडी ढूंढने में. कुछ है ही नहीं."

अहिल्येनं आभार मानले, कागद पिशवीत घातले, दार ओढून घेतलं, व्हीलचेअरवरच्या एका सरदारजींना वाट दिली आणि लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट काचेची होती. खाली रस्ता, गाड्या, पलीकडे बांधकामाच्या क्रेन, सगळं हळूहळू वर येत होतं. आणि तेव्हा कुठं ते वाक्य तिच्यापाशी पोचलं. कोई कसर नहीं.

"कसर!" ती मोठ्यानं म्हणाली.

लिफ्टमधल्या माणसांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग हॉस्पिटलात पाहायचं तसं दुसरीकडे पाहिलं. कसर. स्त्रीलिंगी. ओठ न मिटणारी. मफलरला कसर लागली. जपून ठेव हं, नाहीतर कसर लागेल. नानांचं तोंड हलत होतं आणि आता त्यातून आवाज येत होता, वाईचा, खणखणीत. भाडेकरूच्याच कोटाच्या खिशात घरमालकाची किल्ली निघाली होती. तिनं काचेला हात टेकला. इतके दिवस आपण श्वास किती वरवर घेत होतो, हे तिला श्वास खोल गेल्यावर कळलं.

खाली कृतिका कॉफीचा ग्लास धरून उभी होती. "काय म्हणाली? आई, बोल ना. काही निघालं का?"

"काही नाही निघालं. कसर!"

"कसली कसर? काय राहिलं?"

"राहिलं नाही गं बाई, सापडलं. तो माझा पतंग आहे ना, त्याला मराठीत कसर म्हणतात. लोकरीला लागते ती."

"कसर म्हणजे कमी ना? कोई कसर नहीं वालं?" कृतिकानं कपाळाला आठी घातली. "मग तू त्या बिचाऱ्याचं नाव कमी ठेवणार?"

अहिल्या इतकी हसली, की तिचे डोळे भरून आले, आणि कृतिकाला वाटलं आई रडते आहे, म्हणून तिनं आधी तिला बसवलं आणि मग स्वतःच थोडी रडून घेतली. तिथल्याच खुर्चीवर बसून अहिल्येनं नीरजला लॅटिन वळणाचं नाव कळवलं: कसरा. नानांच्या मफलरासह, लक्ष्मीबाई नगरासह, पितळ आणि राख दोन्हींसह. त्यानं टाळ्यांची चित्रं पाठवली. संध्याकाळी लेख गेला.

विनायकला तिनं घरी आल्यावर सगळं सांगितलं, लपवलेल्या डॉक्टरासकट. त्यानं ऐकून घेतलं. मग तो उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, परत आला. "मला सांगायचं नाहीस?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फायलीतला नव्हता. "मी काय नुसता जेवायला आहे का इथं?" मग म्हणाला, "पुऱ्या कर." आनंद झाला की त्याला पुऱ्या लागत, आणि घाबरला होता हे झाकायलाही.

तिनं कढई चढवली. तेल तापत होतं, पुऱ्या लाटून ताटलीत पसरल्या होत्या, आणि तिचं अंग पिसासारखं हलकं झालं होतं. "आता तू घे माझी परीक्षा," ती म्हणाली. "मराठीत. त्या डॉक्टरीणबाईंना येत नव्हती."

"मला तरी कुठं येते?"

"तू नुसत्या वस्तू दाखव. मी नावं सांगते."

"आणि चुकलीस तर मला कळणार कसं?"

"मी नाही चुकणार."

विनायकनं खण ओढला. आपण शाळा तपासायला आलेलो इन्स्पेक्टर आहोत असा चेहरा केला आणि एक वस्तू उचलली. "हे?"

"सांडशी."

"बरोबर. हे?"

"किसणी."

"हे तर मलाही येतं. कठीण विचारतो थांब. हे?"

"पळी. आणि ती तिकडची चाळण, आणि ते लाटणं, आणि ती परात. अरे, काहीही विचार."

तो हसत होता, अगदी मनापासून, कितीतरी दिवसांनी. पहिली पुरी तिनं तेलात सोडली, ती बुडाली, वर आली, टम्म फुगली. विनायकनं खुंटीवरून एक वस्तू काढून तिच्या डोळ्यांसमोर धरली: लांब दांड्याची, टोकाला बशीसारखी सपाट, अंगभर भोकंच भोकं, पुऱ्या निथळवून बाहेर काढायची.

"उलथणं," अहिल्या म्हणाली. चटकन, न अडखळता.

विनायकनं ते दिव्याकडे धरून नीट पाहिलं. भोकांतून उजेड त्याच्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडला.

"बरोबर," तो म्हणाला, आणि ते तिच्या हातात दिलं.